सही फुकट, सुटका महाग

"अरे, फक्त एक सही तर हवी आहे!" हे वाक्य आपल्या समाजातून हद्दपार व्हावं अशी माझी मागणी आहे. निदान जिथे घराच्या कर्जाचा संबंध येतो तिथून तरी. आपण अमेरिकेत येतो, चार-पाच वर्षं अपार्टमेंटमध्ये काढतो, मुलांसाठी चांगला स्कूल डिस्ट्रिक्ट शोधतो आणि तिथल्या घरांच्या किमती ऐकून डोळे पांढरे झाले की भावाला, मेहुण्याला, जुन्या रूममेटला किंवा ग्रीन कार्डावर आलेल्या वडिलांना फोन लावतो. पलीकडून उत्तर ठरलेलं असतं, "घाल की माझं नाव, त्यात विचारायचं काय?" खरं तर त्यात विचारण्यासारखं पुष्कळ असतं. पण मागणाऱ्याला संकोच वाटतो आणि देणाऱ्याला चौकशी करणं कमीपणाचं वाटतं. मग पाच-सात वर्षांनी तेच नाव कर्जावरून काढायची वेळ येते आणि एकमेकांच्या घरच्या मुंजीला न जाण्यापर्यंत मजल जाते.

कुणाचं नाव कधी घालूच नये, असं मी म्हणत नाही. दोघांच्या पगारावर कर्ज मिळतं, एकाच्या पगारावर मिळत नाही, हा साधा हिशेब आहे. माझा राग आहे तो नाव घालताना ते कसं निघणार याचा चकार शब्द न काढणाऱ्या आपल्या सवयीवर, आणि ते काढणं विनाकारण अवघड करून ठेवणाऱ्या कर्जदात्यांवर. आमच्या आयटीच्या धंद्यात एखाद्या सिस्टिमवर नवा युजर घालायला पाच मिनिटं लागतात आणि तो नोकरी सोडून गेल्यावर त्याचा अ‍ॅक्सेस काढायला तीन तिकिटं, दोन मीटिंगा आणि एका व्हाइस प्रेसिडेंटची मंजुरी लागते. घराच्या कर्जाचं तसंच आहे, फक्त इथे तिकीट उघडायला खिडकीच सापडत नाही.

सही कशावर होते ते आधी बघू. क्लोजिंगच्या दिवशी टेबलावर कागदांचा ढीग असतो आणि समोरचा माणूस "इथे, इथे आणि इथे" म्हणत बोट ठेवत जातो. त्या ढिगातले दोन कागद कळीचे. एक डीड, म्हणजे घर कुणाच्या मालकीचं ते सांगणारा कागद. तो काउंटीच्या दप्तरात नोंदला जातो. दुसरी प्रॉमिसरी नोट, म्हणजे कर्ज कोण फेडणार याचं वचन. मालकीची वाट वेगळी, देण्याची वाट वेगळी. एखाद्याचं नाव डीडवर असून नोटवर नसू शकतं. नोटवर असून डीडवर नसू शकतं. यातला दुसरा प्रकार सगळ्यात वाईट. घराच्या एका विटेवर हक्क नाही आणि देणं मात्र पूर्ण. 'पूर्ण' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, कारण आपले लोक मनात "दोघं आहोत, म्हणजे माझ्यावर अर्धं" असा हिशेब करतात. नोटवर सही करणारा प्रत्येक जण सगळ्या रकमेला जबाबदार असतो. चार लाख डॉलरचं कर्ज असेल तर बँक चारही लाख कुणाही एकाकडे मागू शकते. तुमच्या दोघांत काय ठरलं होतं, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

आता आपल्याकडचा सर्वांत लाडका गैरसमज. जेवणाच्या रांगेत हा हमखास ऐकू येतो: "क्विटक्लेम डीड करून टाका, किरकोळ काम आहे." क्विटक्लेम डीड म्हणजे आपलं हक्कसोडपत्र. काउंटीत नोंदवलं की सही करणाऱ्याचा घरावरचा हक्क सुटतो आणि नोटवरची सही जिथल्या तिथे राहते. म्हणजे ज्या भावाने "नाव काढून टाकू" म्हणून विश्वासाने क्विटक्लेम केलं, तो मालक राहिला नाही, पण कर्जदार राहिलाच. आधी निदान घर विकताना त्याची सही लागत होती, काही वजन होतं. तेही त्याने हाताने घालवलं. हा सल्ला देणाऱ्यांना मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात वडापाव देऊ नये, अशी मी कमिटीला विनंती करतो.

त्यातही एक पोटनियम आहे. बहुतेक कर्जांत 'ड्यू ऑन सेल' नावाचं कलम असतं. मालकी हलवली तर उरलेलं सगळं कर्ज एकदम मागायचा अधिकार त्याने कर्जदात्याला मिळतो. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने राहत्या घराच्या बाबतीत यातून काही सवलती दिल्या आहेत. नवरा, बायको किंवा मुलं मालक होत असतील, घटस्फोटाच्या निवाड्याने घर जोडीदाराकडे जात असेल, सहमालक वारल्यामुळे मालकी बदलत असेल, तर हे कलम लावता येत नाही. या यादीत हयात भावाने हयात भावाला हिस्सा देणं बसत नाही. मेहुणा बसत नाही. रूममेट तर नाहीच. हप्ता वेळेवर येत असताना कर्जदाते सहसा हे हत्यार उपसत नाहीत हे खरं, पण ते म्यानात आहे एवढं ठाऊक असावं.

आणि करांचं काय? आपला हिस्सा फुकट सोडला की अमेरिकन सरकारच्या दृष्टीने ती भेट ठरू शकते. २०२५ साली एका माणसाला १९,००० डॉलरपर्यंतची भेट कागदपत्रांशिवाय देता येत होती. त्यापुढे गिफ्ट टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं, जरी प्रत्यक्ष कर बहुतेकांना पडत नसला तरी. नवराबायकोत मर्यादा नाही असं आपण ऐकलेलं असतं. ते घेणारा जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तरच खरं. बायको ग्रीन कार्डावर किंवा एच-४ वर असेल तर वर्षाची मर्यादा असते. २०२५ मध्ये ती १,९०,००० डॉलर होती. आपल्यातली कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं अशीच अर्धी नागरिक, अर्धी ग्रीन कार्डवाली असतात. तेव्हा घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताना आधी सीपीएला फोन करावा.

मग नोटवरून नाव निघतं कसं? कर्ज फेडून, घर विकून, किंवा कर्जदात्याने लेखी मोकळं केलं तर. आणि फोन केलात की पलीकडचा आवाज एकच मंत्र म्हणतो: रिफायनान्स. या मंत्राची किंमत आकड्यांत मांडतो. २०२१ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीस वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाचा सरासरी दर फ्रेडी मॅकच्या नोंदीप्रमाणे २.६५ टक्के होता. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तो ७.७९ वर गेला. त्या स्वस्ताईत आपल्या अर्ध्या मित्रमंडळींनी घरं घेतली किंवा रिफायनान्स केली. समजा दोन भावांनी मिळून ४ लाखांचं कर्ज ३ टक्क्यांनी घेतलं. हप्ता १,६८६ डॉलर, कर आणि विमा वेगळा. पाच वर्षांनी शिल्लक साधारण ३,५५,६०० उरते. आता धाकट्याचं नाव काढायचं म्हणून थोरल्याने साडेसहा टक्क्यांनी नवं तीस वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता होतो सुमारे २,२४८. महिन्याला ५६० डॉलर जास्त, आणि फेडीची मुदत पुन्हा तीस वर्षांवर. नुसतं व्याज बघितलं तर पहिल्या महिन्यात जुन्या कर्जावर ८८९ डॉलर पडले असते, नव्यावर १,९२६ पडतात. शिवाय क्लोजिंगचा खर्च काही हजारांचा. थोरल्याने एकही हप्ता चुकवलेला नाही, घर तेच, माणूस तोच, पगार वाढलेला. तरी एक नाव खोडायची ही शिक्षा.

साहजिकच थोरला म्हणतो, "दर खाली आले की करू." इथे भांडणाला सुरुवात होते, कारण धाकट्याला आत्ता स्वतःचं घर घ्यायचं असतं. तो बँकेत जातो तेव्हा क्रेडिट रिपोर्टवर थोरल्याच्या घराचा अख्खा हप्ता त्याच्या डोक्यावर दिसतो. पगाराच्या तुलनेत देणं जास्त ठरतं आणि अर्ज परत येतो. यावर एक उतारा आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. फॅनी मेच्या नियमांप्रमाणे, कर्जावर सही असलेला दुसराच माणूस मागचे बारा महिने स्वतः हप्ते भरत आला आहे आणि एकही हप्ता उशिरा गेलेला नाही, हे त्याच्या बँक स्टेटमेंटवरून दाखवता आलं आणि तुम्ही त्या घराचं भाडं आपल्या उत्पन्नात धरत नसाल, तर तो हप्ता तुमच्या देण्यात मोजायची सक्ती नाही. म्हणून हप्ता ज्याच्या घराचा त्याच्या एकट्याच्या खात्यातून जाऊ द्या. दोघांचं जॉइंट खातं काढून त्यातून भरत राहिलात तर हा पुरावा तुम्हीच बुडवलात. पण ही सवलत फक्त नव्या कर्जापुरती. थोरल्याची नोकरी गेली, दोन हप्ते थकले, तर डाग धाकट्याच्याही रिपोर्टवर सात वर्षं राहतो.

कर्जदात्यांवर माझा आक्षेप असा. दोन माणसांची हमी असताना त्यांनी एकाला फुकट सोडावं असं कुणी म्हणत नाही. उरलेल्याचा पगार तपासा, क्रेडिट तपासा, रिफायनान्सला तपासता तितकंच तपासा. तो त्यात उतरला तर जुन्याच दराने, जुन्याच मुदतीत दुसऱ्याला मोकळं करा. यात धोका वाढतो म्हणाल, तर त्याच माणसाला, त्याच घरावर, दुप्पट दराने नवं कर्ज द्यायला तुम्ही तयार आहातच की! जास्त हप्ता झेपेल आणि कमी झेपणार नाही, हा कुठला हिशेब? हे स्वप्नरंजनही नाही. एफएचए आणि व्हीए या सरकारी हमीच्या कर्जांत असम्प्शनची सोय कित्येक दशकं आहे. पत तपासून कर्ज त्याच दराने एकाच्या अंगावर घेता येतं आणि दुसऱ्याला देण्यातून मुक्त केल्याचा कागद मिळतो. त्याने आभाळ कोसळलेलं नाही. साध्या कन्व्हेन्शनल स्थिर दराच्या कर्जांत मात्र ही सोय सर्रास नसते आणि आपल्यातल्या बहुतेकांची कर्जं नेमकी तीच. तीन वर्षं एकट्याने वेळेवर हप्ते भरणाऱ्याला ही सुटका मागायचा हक्क कायद्याने मिळायला हवा. आपल्यातले जे नागरिक झाले आहेत त्यांनी ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल आपल्या काँग्रेसमनला पत्रं लिहिली तशी एखादी याबद्दलही लिहावी.

(जाता जाता: मे २०२५ पासून एच-१ बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना नवी एफएचए कर्जं मिळणं बंद झालं. तेव्हा हा सोपा रस्ता नव्याने आलेल्यांसाठी आणखी अरुंद झाला आहे.)

भारतातल्या कर्जाशी तुलना करणारे नेहमी भेटतात. तिथेही सहकर्जदाराचं नाव काढायला बँक उरलेल्याची ऐपत नव्याने तपासते. पण तिथली बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची, आणि २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने अशा वैयक्तिक कर्जांवर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला बंदी केली आहे. त्यामुळे कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर हलवताना 'जुना स्वस्त दर गेला' हे दुःख फारसं नसतं. आपल्या डोक्यात पुण्याचा अनुभव असतो आणि सही न्यू जर्सीत होते.

भावांबद्दल इतकं बोललो, कारण ते बोलणं सोपं आहे. खरी होरपळ होते ती घटस्फोटात, आणि तो शब्द आपण मंडळात अजून आवाज खाली करून उच्चारतो. निवाड्यात लिहिलेलं असतं: घर नवऱ्याला, हप्ते नवऱ्याने भरायचे. बाई सही करून बाहेर पडते, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मुलाला घेऊन राहते आणि समजते की सुटलो. कोर्टाने नवऱ्याला आदेश दिला, पण कर्जदाता त्या खटल्यात कुठेच नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी ती अजून कर्जदारच. त्याने राग म्हणून किंवा निव्वळ बेफिकिरीने महिनाभर हप्ता लांबवला की खाली येतो तिचा स्कोअर. तिला अपार्टमेंट नाकारलं जातं, गाडीच्या कर्जाचा दर वाढतो. कोर्टात जाऊन त्याला जाब विचारता येतो, पण त्याला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात आणि रिपोर्टवरचा डाग तोवर थांबत नाही. एवढं मात्र खरं, की हप्ते निवाड्याने दुसऱ्याकडे सोपवलेले असतील तर नव्या घराच्या कर्जासाठी ते तिच्या देण्यात मोजायची फॅनी मेच्या नियमांत सक्ती नाही. निवाड्याची प्रत फाइलमध्ये हवी, आणि समोरच्या लोन ऑफिसरला नियम माहीत हवा. नसेल तर दुसरा ऑफिसर गाठावा.

अशा बायकांना आपले लोक काय सांगतात? "जाऊ दे, आता घर त्याचं ते त्याला लखलाभ." हा मोठेपणा तिच्या क्रेडिटवर चालतो! माझं सांगणं आहे की निवाड्यात तारीख घालून घ्या: अमुक महिन्यांत त्याने रिफायनान्स किंवा असम्प्शन करून तिला मोकळं करावं, नाही जमलं तर घर विक्रीला काढावं. तारखेशिवायचं कलम म्हणजे शोभेची वस्तू. तिचा हिस्सा पैसे देऊन घ्यायचा म्हणून त्याला रिफायनान्स करावंच लागलं, तर घर किमान बारा महिने दोघांच्या मालकीचं असल्यास फॅनी मेच्या नियमांत ते महागड्या कॅश-आउटमध्ये न धरता मर्यादित कॅश-आउट म्हणून बसतं. दरात त्याने फरक पडतो. "मला परवडत नाही" म्हणणाऱ्या नवऱ्यांना हे दाखवावं.

आईवडिलांच्या सहीचं वेगळंच. पोराचं एज्युकेशन लोन डोक्यावर, पहिली नोकरी, म्हणून बाबा को-बॉरोअर होतात. दहा वर्षांनी बाबांना मोठं घर विकून फ्लोरिडात छोटं टाउनहाउस घ्यायचं असतं आणि पोराचा हप्ता त्यांच्या पेन्शनच्या आड येतो. पोरगा म्हणतो, "डॅड, माझा रेट तीन आहे, मी कसा सोडू?" तोही चुकीचं बोलत नसतो. सही करतानाच हा संवाद झाला असता तर आज तो रडारड न होता झाला असता.

इथे कुणीतरी म्हणणार, तुम्ही घरातल्या नात्यांत वकील आणता. भावाभावांत कसला कागद? ज्या भाषेत 'भाऊबंदकी' असा खास शब्द तयार करावा लागला, त्या भाषेच्या माणसांनी हे विचारावं याची मला गंमत वाटते. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हातभर बांधासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टकज्जे चालले. कागद नसल्यामुळे ते चालले. एमएस करून, दहा हजार मैलांवर येऊन आपण तेच करणार असू, तर बांधाच्या जागी ड्राइव्ह-वे आला एवढंच.

कागद फार मोठा लागत नाही. क्लोजिंगच्या आधी स्थानिक रिअल इस्टेट वकिलाकडून दोन-तीन पानांचा करार करून घ्या. राज्याराज्यांत कायदा वेगळा आहे, त्यामुळे मित्राच्या करारात नावं बदलून चालत नाही. डाउन पेमेंट कुणी किती दिलं, हप्ता कुणाच्या खात्यातून, छप्पर गळलं तर खर्च कुणाचा, आणि मुख्य म्हणजे ज्याला बाहेर पडायचं त्याने किती दिवस आधी सांगायचं आणि मग दुसऱ्याने किती महिन्यांत कर्ज आपल्या एकट्याच्या नावावर करायचं किंवा घर विकायचं. हा करार बँकेवर बंधनकारक नाही, हे लक्षात असू द्या. तो तुम्हा दोघांवर बंधनकारक आहे आणि भांडण तुम्हा दोघांतच होणार असतं.

ज्यांची सही आधीच होऊन बसली आहे त्यांच्यासाठी. सर्व्हिसरला फोन करून "नाव काढायचं आहे" म्हणू नका, रिफायनान्सच्या खात्याकडे जोडून देतील. "असम्प्शन विथ रिलीज ऑफ लायबिलिटी" हे शब्द वापरा, लेखी अर्ज मागा आणि उत्तर लेखी मागा. कर्ज एफएचए किंवा व्हीए असेल तर ही वाट आहेच. कन्व्हेन्शनल असेल आणि मालकी घटस्फोटातून किंवा मृत्यूमुळे हलली असेल, तर २०१८ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनी घर मिळालेल्या माणसाला 'सक्सेसर इन इंटरेस्ट' म्हणून कागदपत्रांवरून मान्य करून घेण्याची पद्धत सर्व्हिसरला ठेवावी लागते आणि एकदा मान्य झालं की त्याच्याशी कर्जदारासारखाच व्यवहार करावा लागतो. अशा वेळी उरलेल्याची पत बघून दुसऱ्याला मोकळं करायला काही सर्व्हिसर तयार होतात; फोनवरची पहिली व्यक्ती ते सहसा सांगत नाही. पहिल्या नकारावर थांबू नका, सुपरवायझर मागा, तरी दाद लागली नाही तर लेखी तक्रार करा. आणि तुम्ही बाहेर पडणारे असाल, तर हक्क सोडायची घाई करू नका. रिलीजचा कागद आणि क्विटक्लेम डीड एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हायला हवेत. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून ते कर्ज तुमच्या नावावर अजून उघडं दिसतं का, ते तपासा.